खाली लागलेलं सूप

क्लबच्या स्वयंपाकघरात वस्तादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकतीस वर्षं ते तिथे मुख्य स्वयंपाकी होते, आणि या एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पातेलं खाली लागलं नव्हतं, असं ते स्वतःच सांगत. कोणी नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी ते सगळ्यांत मोठं पातेलं आडवं करून त्याला आतलं बूड दाखवत. "बघ. आरसा आहे आरसा. ज्या दिवशी इथे काळा डाग दिसेल त्या दिवशी तू घरी." माणूस तसा वाईट नव्हता. नाकावर माशी बसू देत नसे, आणि आपल्याला सगळं कळतं या एका गोष्टीवर त्याचा फार म्हणजे फारच विश्वास होता.

हा क्लब गोल्फचा. वर्षातून एकदा तिथे मोठी स्पर्धा होई, आणि स्पर्धेच्या दोन दिवस आधी आजवरचे सगळे विजेते एका लांब टेबलाशी जेवायला बसत. बायकामुलं नाहीत, पाहुणे नाहीत, फक्त विजेते. जेवणाचा बेत ठरवायचा गेल्या वर्षी जिंकलेल्यानं, आणि तोही स्वतःच्या हातानं कार्डावर लिहून. एखाद्याला तो बेत रुचला नाही तर त्यानं वाढप्याच्या कानात सांगून क्लबचं रोजचं काही मागवावं, एवढी मुभा होती. जिंकलेला माणूस बेत लिहायला बसला की त्याच्या अंगातच येई. एकानं सात तऱ्हांचे मासे मागितले आणि स्वतः एकही खाल्ला नाही. एका विशीतल्या पोरानं नुसते पॅनकेक लिहिले, तेव्हा सत्तरी ओलांडलेले विजेते कोटाच्या बाहीवरचा मध पुसत बसले होते.

वस्तादांचं यावर ब्रीद ठरलेलं होतं: बेत त्यांचा, अब्रू माझी. म्हणजे कार्डावर असेल ते रांधायचं, पण जरा सुधारून. साध्या सॉसमध्ये चार जिन्नस जास्त, जाडसर काही असेल तर ते चाळणीतून काढलेलं. विजेते खेळात पटाईत, त्यांना खाण्यातलं काय कळतं? आणि खरं सांगायचं तर कोणी कधी तक्रार केली नव्हती. त्यामुळे वस्ताद आपले हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले ते बसलेच.

अठरा वर्षांपूर्वी डावखुरा जिंकला. डाव्या हातानं खेळे म्हणून डावखुरा. उंच, किडकिडीत, बोलण्याआधी घसा खाकरायची सवय. त्याची आई दवाखान्यात चादरी धुवायच्या कामाला होती आणि बाप असून नसल्यासारखा, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण वर्तमानपत्रांनी ते चघळून त्याचा चोथा केला होता. पुढच्या वर्षी जेवणाआधी त्याचं कार्ड आलं. अक्षर शाळकरी मुलासारखं, गोल गोल. मसुराचं पातळ सूप, जरा खाली लागू द्यावं. कालचा पाव. माणशी अर्धं उकडलेलं अंडं. शेवटी साखर लावून तव्यावर भाजलेला पाव.

वस्तादांनी कार्ड दोनदा वाचलं आणि मग मोठ्यानं वाचून सगळ्या स्वयंपाकघराला ऐकवलं. माणसं खो खो हसली. पंचवीस विजेत्यांना अर्धं अर्धं अंडं! आणि खाली लागलेलं सूप! स्वयंपाक्याला याहून मोठी शिवी नसते.

दोन दिवसांनी डावखुऱ्याचा फोन आला. "वस्ताद, आईला तुमच्याशी जरा बोलायचंय. ते खाली कसं लावायचं ते ती सांगेल. पाच मिनिटंसुद्धा लागायची नाहीत. ती इथेच बसलीय."

"साहेब," वस्ताद म्हणाले, "स्वयंपाक आम्हाला येतो."

पलीकडे डावखुऱ्यानं घसा खाकरला. मग डावखुरा "बरं, बरं" म्हणाला. फोन ठेवल्यावर वस्ताद आजूबाजूला बघून म्हणाले, "आता चादरी धुणाऱ्या बाईकडून सूप शिकायचं राहिलं होतं." माणसं पुन्हा हसली. उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्या वर्षीचं सूप रेशमासारखं झालं होतं. लोणी, साय, वर तळलेल्या कांद्याची चिमूट. अंडी माणशी दोन, आत सारण भरलेली. पाव ताजा, वाफाळता. साखर लावलेल्या पावाच्या जागी तीन थरांचं पुडिंग. विजेत्यांनी सूप दोनदा मागून घेतलं. रिवाजाप्रमाणे डावखुरा दोन शब्द बोलायला उठला. खिशातून त्यानं एक घडी घातलेला कागद काढला, समोरच्या बशीकडे पाहिलं, कागद परत खिशात ठेवला, "सगळ्यांचे आभार" म्हणाला आणि बसला. आत येऊन वस्तादांचा हात हातात घेऊन तो गेला. बिचारा भारावून गेला, असं वस्तादांनी ठरवलं. पुढे सतरा वर्षं ही गोष्ट ते जमेल तिथे सांगत: खाली लागलेलं सूप मागितलं होतं पठ्ठ्यानं, मी लाज राखली त्याची!

या वर्षी वस्ताद निवृत्त होणार होते. विजेत्यांच्या जेवणाचंही हे पन्नासावं वर्ष, म्हणून क्लबनं एक पुस्तिका काढायचं ठरवलं. प्रत्येक विजेत्यानं आपल्या बेताबद्दल चार ओळी लिहायच्या. जेवणाला तीन आठवडे असताना सेक्रेटरीसाहेबांनी छपाईला जायचे कागद वस्तादांकडे आणून दिले. "पदार्थांची नावं बरोबर आहेत का तेवढं बघा. तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?" वस्ताद खूश झाले. चष्मा लावून, चहा घेऊन, ऐसपैस बसले.

डावखुऱ्याच्या ओळी बाराव्या पानावर होत्या.

"माझ्या वर्षी मी आईचं सूप ठेवलं होतं. आमच्याकडे एकच पातेलं होतं, पातळ बुडाचं, त्यात ते नेहमी खाली लागायचं, आणि आम्हा भावांना तीच चव माहीत. अंडं एक असायचं, दोघांत अर्धं अर्धं. त्याबद्दल बोलायचं म्हणून मी कागदावर लिहून आणलं होतं, पण टेबलावर जे आलं त्याच्यासमोर ते वाचण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी आई घरी फोनपाशी बसून होती. लोकांनी खाल्लं का, तिनं विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांनी दोनदा मागून घेतलं. ते खरंच होतं. पुढे ती सगळ्यांना ते सांगायची. आता ती नाही."

तक्रारीचा एक शब्द नव्हता. वस्तादांचं नाव नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, भांडायला तरी जागा मिळाली असती. चहावर साय धरली. वस्तादांनी ते पान पुन्हा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं, आणि त्यांना एकदम आपल्या स्वतःच्याच गोष्टीची किळस आली. सतरा वर्षं आपण हे हसत हसत सांगत फिरलो. त्या बाईनंही तेच सांगितलं, सगळ्यांनी दोनदा घेतलं म्हणून, आणि तिला ठाऊकच नव्हतं की ते तिचं सूप नव्हतं.

पदार्थांची नावं बरोबर होती. त्यांनी तसं सेक्रेटरीसाहेबांना सांगितलं.

घरी बायकोपासून काही लपवणं वस्तादांना कधी जमलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी ते ओट्यापाशी घुटमळत म्हणाले, "आपल्याकडे एखादं पातळ बुडाचं पातेलं आहे का गं?"

"कशाला?"

"असंच."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. कशाला हवंय?"

मग त्यांनी सांगितलं. कार्ड, फोन, बाराव्या पानावरच्या ओळी. फोन ठेवल्यावर आपण काय म्हणालो ते मात्र सांगितलं नाही; तेवढं त्यांच्या तोंडून निघेना. यंदाच्या जेवणाला डावखुरा येणारच होता, दर वर्षी येई. त्याच्यापुरतं ते सूप, ते अर्धं अंडं, तो कालचा पाव, सगळं जसंच्या तसं करून वाढायचं आणि मगच या स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. दुसरं काही त्यांच्या हातात नव्हतं.

बायकोनं ऐकून घेतलं. कपाटाच्या मागून एक चेपलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं काढून त्यांच्यापुढे आदळलं. "घ्या. यात माझं दूधसुद्धा लागतं. एवढे वस्ताद तुम्ही, आणि शेवटी खाली लावायला माझ्याकडेच शिकायला आलात ना?"

आणि खरोखर शिकावंच लागलं. पहिल्या खेपेला वस्तादांचा हात आपोआप ढवळत राहिला आणि सूप लागेचना. बायकोनं पळी काढून घेतली. दुसऱ्या खेपेला करपून कोळसा झाला. "करपणं वेगळं आणि लागणं वेगळं," बायको खिडक्या उघडत म्हणाली. "करपलं की कडू. लागलं की नुसता धुराचा वास येतो, तोंडात कडू लागत नाही. मधे एक मिनिट असतं बघा. ते मिनिट सापडायला हवं." तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या खेपेला ते मिनिट थोडं थोडं सापडायला लागलं. दोघांनी आठवडाभर मसूर खाल्ले. सहाव्या खेपेचं सूप चाखून बायकोनं मान डोलावली. "माझं असं लागतं. तिचं कसं लागायचं ते तिला ठाऊक."

"बरोबर झालंय," वस्ताद म्हणाले.

"त्याला फोन करून विचारा ना. आईचं कसं असायचं, काय काय घालायची. एवढा नंबर आहे क्लबात."

"नको. त्याला आधी कळता कामा नये. एकदम पुढे ठेवायचं."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे या वेळीही न विचारताच करताय," ती म्हणाली आणि पातेलं घासायला घेतलं. "बैल गेला आणि झोपा केला, तोही आपल्याच मापाचा."

वस्तादांना राग आला. तो राग खरा होता, पण त्यात ती चुकतेय असं त्यांना वाटत नव्हतं. तरी फोन त्यांनी केला नाही. फोनवर काय बोलणार? पहिलं वाक्य काय म्हणायचं? पुढ्यात सूप ठेवलं की आपल्याला काही बोलावं लागणार नाही, त्या वासातच सगळं येईल, असं त्यांना वाटत होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

जेवणाच्या दिवशी विजेते दुपारीच आले. पन्नासाव्या वर्षाची आठवण म्हणून सगळ्यांचा एकत्र फोटो निघायचा होता. गेल्या वर्षीच्या विजेत्याचा बेत भाजलेल्या कोंबडीचा, साधा सरळ. सगळी माणसं कोंबड्या भाजण्यासाठी दोऱ्यानं बांधण्यात गुंतली होती. वस्तादांनी कोपऱ्यातल्या शेगडीवर घरून आणलेलं पातेलं चढवलं होतं. साडेचारला त्यांनी वाढप्याला हिरवळीवर पाठवून डावखुऱ्याला बोलावून घेतलं.

तो आला. केस पिकले होते, पाठीला जरासा बाक आला होता. दाराशीच तो थबकला. नाकानं हवा ओढून घेतली.

"बसा," वस्ताद म्हणाले. त्यांनी स्टीलच्या टेबलाशी स्टूल ठेवलं होतं. समोर वाडगा, कालचा पाव, बशीत अर्धं अंडं. "आधी खा. मग बोलू."

डावखुरा बसला. एक चमचा घेतला. मग दुसरा. तिसरा जरा थांबून. उतू जायच्या बेतात असलेल्या दुधाकडे बघावं तसे वस्ताद त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"चांगलं झालंय," तो म्हणाला.

"चांगलं नको. बरोबर झालंय का ते सांगा. तुमच्या आईसारखं?"

डावखुऱ्यानं घसा खाकरला, चमचा खाली ठेवला. "खरं सांगू, वस्ताद? मला आता सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"चार वर्षं झाली तिला जाऊन. त्याआधी सहा वर्षं तिचे हात थरथरायचे, शेगडीजवळ जाऊ देत नव्हतो आम्ही. म्हणजे दहा वर्षं झाली ते सूप तोंडात जाऊन. मी करून बघितलं, भावानं करून बघितलं. तो म्हणतो त्यात लसूण असायची. मी म्हणतो नसायची. त्यावरून महिनाभर बोलत नव्हतो आम्ही, पन्नाशीचे बाप्ये." तो कसनुसा हसला. "आत्ता दारात वास आला ना, तेव्हा वाटलं, आता कळेल. पण नाही कळत. वास कुठल्याही लागलेल्या पातेल्याचा असाच येतो. लसूण घातलीत का तुम्ही?"

"नाही."

"हं," डावखुरा म्हणाला. "असेलही बरोबर. त्या वर्षी विचारलं असतंत तर पहिल्याच चमच्याला सांगितलं असतं."

पलीकडे कोणीतरी कोंबड्यांचा ट्रे भट्टीत सरकवला. वस्तादांनी टेबलाची कड धरली. तीन आठवडे मनात जुळवलेलं सगळं एका बाजूला राहिलं.

"मी चुकलो," ते म्हणाले. "तुमच्या आईंचा फोन घ्यायला हवा होता मी. मी घेतला नाही, आणि वर हसलो. फार वाईट केलं. माफ करा मला."

"जाऊ द्या हो. मी तरी कुठे शहाणा होतो. पातेलं आत आणायला हवं होतं मी."

"कुठलं पातेलं?"

"तिचंच." डावखुरा पावाचा तुकडा बोटांत फिरवत राहिला. "तिनं घासूनपुसून पिशवीत घालून दिलं होतं. म्हणाली, एवढ्या मोठ्या क्लबात असलं फाटकं भांडं कुठून असणार, आणि दुसऱ्यात ते तसं लागत नाही. पंचवीस जणांचं नसेना का, निदान एकदा लावून दाखव त्यांना, मग ते करतील मोठ्यात. गाडीत होतं माझ्या. जेवण चालू होतं तेव्हाही मागच्या सीटवरच होतं. तुम्ही म्हणालात स्वयंपाक आम्हाला येतो, आणि मग ते चेपलेलं पातेलं काखेत मारून इथून आत यायची मला लाज वाटली. तिच्या पातेल्याची लाज वाटली मला, वस्ताद. ते काही तुमच्या माथी मारता येत नाही."

"आता कुठे आहे ते?"

"गेलं. भावानं घर रिकामं केलं तेव्हा भंगारात गेलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत."

वस्तादांनी वाडग्यात पाहिलं. आजवर त्यांच्यापुढे आलेल्या कुठल्याही पदार्थाबद्दल हे जमलंय, हे फसलंय, हे चार शब्दांत ते सांगून मोकळे होत. समोरच्या या वाडग्याबद्दल त्यांना काहीही ठाऊक नव्हतं, आणि आता ते विचारायला जगात कोणी उरलं नव्हतं. त्यांनी दुसरं स्टूल ओढलं आणि डावखुऱ्याच्या समोर बसले.

"सांगा," ते म्हणाले. "तुम्हाला काय काय आठवतं ते सगळं सांगा. चुकीचं का असेना. मी मधे बोलणार नाही."

डावखुरा आठवायला लागला. मसूर ती भिजवत नसे, तेवढा वेळच नसायचा. कांदा आधी, पण तेलात की नुसताच, ते आठवत नाही. बटाटा असला तर असायचा. पाण्यात मीठ ती तळहातावर घेऊन टाकायची, दोनदा. मग पातेलं तसंच ठेवून ती कामाचे कपडे वाळत घालायला मागच्या दारी जायची, आणि तिथून वास आला की हात पुसत धावत यायची. म्हणजे मुद्दाम लावत नव्हती ती, लागायचं. पुढे दिवस बरे आले, धुण्याचं मशीन आलं, तरी आम्हाला आवडतं म्हणून ती मुद्दाम मागच्या दारी जाऊन उभी राहायची. लसणीचं मात्र... नाही, लसणीचं नाही सांगता येत. तिच्या हाताला साबणाचा वास असायचा, तो आठवतो. तो सुपात होता की नाही कोण जाणे.

तो थांबला. वस्ताद वाट बघत राहिले. त्यांना वाटलं, अजून काही असेल.

"बस," डावखुरा म्हणाला. "एवढंच राहिलंय."

बाहेरून फोटोवाल्यानं हाक मारली. डावखुऱ्यानं वाडगा पावानं पुसून घेतला, अंडं खाल्लं, वस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हिरवळीकडे गेला. वस्तादांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्याला सगळं सांगायला चार मिनिटं लागली होती. तेवढाच वेळ तर ती बाई मागत होती.